ओकनफोल्ड, पॉल

(३० ऑगस्ट १९६३– ). इंग्रज डीजे व ध्वनिमुद्रिका-निर्माता. जन्म लंडन येथे. आचाऱ्याचे शिक्षण घेतल्यानंतर तो तबकड्या वाजविण्याकडे वळला. शिकागोत १९८० नंतर उदयास आलेल्या ‘हाउस’ या समान ठोक्यांच्या नृत्यसंगीताचा इंग्लंडमध्ये प्रसार करणाऱ्यांत त्याची गणना होते. १९८७ च्या उन्हाळ्यात स्पेनमधील इबीझा बेटावर आल्फ्रेदो हा डीजे हाउस, पॉप, रॉक अशा भिन्न प्रकृतीच्या तबकड्या सलग गुंफीत असे. ती रीत ओकनफोल्डने लंडनच्या ‘हेवन’ नृत्यगृहात १९८८ पासून ‘स्पेक्ट्रम’ या सोमवारच्या कार्यक्रमात रूढ केली.

डीजे हा वस्तुतः इतरांच्या ध्वनिमुद्रिका वाजविणारा. त्यास कलावंत म्हणावे काय, हा प्रश्न या कारकीर्दीमुळे ठळक झाला. स्टीव्ह ऑझबर्नच्या साहाय्याने त्याने हॅपी मंडेज या वृंदाच्या १९९० मधील गीतसंग्रहाची निर्मिती केली. यू-टूच्या ‘ईव्हन बेटर दॅन द रिअल थिंग’ या गीताचे या दोघांनी केलेले रीमिक्स, म्हणजे पुनर्घडण, १९९२ मध्ये ब्रिटनच्या विक्रीक्रमात आठव्या स्थानी, मूळ गीताच्याही वर, पोहोचले.

गोव्याच्या किनाऱ्यावरील नृत्यमेळाव्यांच्या प्रभावातून त्याचा ‘गोवा मिक्स’ सिद्ध झाला. १९९४ मध्ये बीबीसी रेडिओ वनने तो प्रसारित केला. त्यात व्हँगेलिसचे चित्रपटसंगीतही ट्रान्सच्या ठेक्यांत मिसळले असून निवड व क्रम यांतूनच त्यास एकसंध रूप आले आहे. ‘बंका’ (२००२) या त्याच्या स्वतःच्या गीतसंग्रहापेक्षा हे संकलनच अधिक सरस वाटते.