मॅरॅथॉन धांवणारांस चार हिताच्या गोष्टी

आमच्या आळींत हल्लीं पहांटे साडेचारच्या सुमारास जो पायांचा धपधप आवाज ऐकूं येतो, तो चोरांचा नसून सुशिक्षित लोकांचा असतो, हें कळावयास आम्हांस बरेच दिवस लागले. वास्तविक चोर एवढा आवाज करीत नाहींत, ही गोष्ट आधींच आमच्या ध्यानांत यावयास हवी होती. बँकेंतले अधिकारी, दोन डॉक्टर, एका नातवंडाची आजी, अशीं सर्व प्रतिष्ठित माणसें जानेवारींतल्या मुंबईच्या मॅरॅथॉनची तयारी करीत असतात. २००४ सालीं सुरू झालेली ही शर्यत आतां सत्यनारायणासारखी घरोघर पोंचली आहे. फरक इतकाच कीं, सत्यनारायणाचा प्रसाद न धांवतां मिळतो.

अशा प्रसंगीं ज्यानें स्वतः कधीं धांव घेतली नाहीं अशा वडीलधाऱ्या माणसानें उपदेश करावयाचा, ही आपल्याकडील जुनी परंपरा आहे. ती खंडित होऊं नये म्हणून आम्ही पुढें झालों आहों. या विषयांतला आमचा प्रत्यक्ष अनुभव म्हणजे दादर स्टेशनवर सुटत्या लोकलमागें धांवलेलीं चाळीस-पन्नास पावलें, आणि ती लोकलही चुकली. परंतु काठावरचा माणूस पोहणाऱ्याच्या चुका जितक्या स्पष्ट पाहूं शकतो, तितक्या बुडणाऱ्यास कोठून दिसणार?

प्रथम सरावाविषयीं. या विषयांतले जाणते लोक चार-पांच महिने आधींपासून हळूहळू अंतर वाढवीत न्यावें, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे तें पुन्हां कमी करून पायांस विश्रांति द्यावी, असें सांगतात. आमच्या मतें हा शुद्ध मूर्खपणा होय. जें काम चाकरास आधीं कळतें त्या दिवशीं तो हटकून आजारी पडतो. पायांचेंही तसेंच आहे. त्यांना या बेताचा वास शेवटच्या आठवड्यापर्यंत लागूं देऊं नये. मग एके दिवशीं एकदम बेचाळीस किलोमीटर एकशें पंचाण्णव मीटर त्यांच्या अंगावर सोडून द्यावे. हे वरचे एकशें पंचाण्णव कशाला, असें कोणी विचारील. १९०८ सालीं लंडनची शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून क्रीडांगणांत राजघराण्याच्या आसनासमोर संपावी, अशी योजना होती. तिचें माप भरलें तेवढें भरलें, आणि १९२१ सालीं तेंच जगाला कायमचें लागूं झालें. थोरामोठ्यांच्या सोयीपायीं सामान्य जनांनीं शतकभर पाय झिजविल्याचीं उदाहरणें इतिहासांत पुष्कळ आहेत. परंतु तीं एरव्हीं इतकीं मीटरांत मोजतां येत नाहींत.

जोडे अगदीं नवे असावेत व ते शर्यतीच्या पहांटेसच प्रथम पायांत घालावे. लग्नांत नवरदेव कोरा करकरीत जोडा घालूनच मिरवितो ना? त्याचे पाय सोलतात हें खरें. पण त्यानें मध्येंच मांडव सोडल्याचें ऐकिवांत नाहीं.

आदल्या रात्रीं बासुंदी घ्यावी. आणि सकाळीं इशारा होतांच, मागें कोणी सावकार लागल्याप्रमाणें सुटावें. शरीरांत साठविलेली साखर साधारण तीस किलोमीटरांच्या आसपास सरूं लागते, आणि आरंभीं जो जोरानें धांवला त्याची ती आधीं सरते, असें शास्त्र म्हणतें. इंग्रजींत या अवस्थेला भिंतीवर आपटणें म्हणतात. पण महिन्याच्या एक तारखेस सढळ हातानें खर्च करून पंचवीस तारखेस शेजाऱ्याकडे साखर मागणारा गृहस्थ काय जगत नाहीं?

आतां येथवर जें सांगितलें त्याला कोणी थट्टा समजूं नये. याहून वाईट सल्ले प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्यें दिले व घेतले गेले आहेत. १९०४ सालीं, ३० ऑगस्टच्या दुपारीं, अमेरिकेंतल्या सेंट लुईस गांवीं बत्तीस जण धांवावयास निघाले. ऊन रणरणतें, रस्ता धुळीचा, आणि धांवणारांच्या पुढेंमागें पंचांच्या व डॉक्टरांच्या मोटारी ती धूळ त्यांच्या घशांत घालण्याचें काम चोख बजावीत होत्या. पाण्याची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. बारा मैलांपाशीं एक विहीर होती. पाण्यावांचून मनुष्याचें काय होतें, हें पाहण्याची चालकांची जिज्ञासा त्यामागें होती असें म्हणतात. ती तृप्त झाली. बत्तिसांतले चौदाच जण शेवटास पोंचले. (पुढील काळांत लोक उलट टोकास गेले. तहान असो वा नसो, दिसेल त्या ठिकाणीं पाणी ढोसावें असा उपदेश सुरू झाला, आणि रक्तांतलें मीठ पातळ होऊन कांहींजण त्यानेंही दगावले. तहान लागली म्हणजे पाणी प्यावें, हा सल्ला फुकट मिळत असल्यामुळें त्यास कोणी विचारीत नसावें.)

या शर्यतींत प्रथम आलेले टॉमस हिक्स यांची कथा प्रत्येक वडीलधाऱ्यानें वाचावी. वाटेंत त्यांनीं पाणी मागितलें, तें हितचिंतकांनीं दिलें नाहीं. ओल्या बोळ्यानें तोंड पुसलें, आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकांत कालवून स्ट्रिक्नीन पाजलें. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या कुचल्याचें सत्त्व. उंदीर मारण्यास तें उत्तम. थोड्या वेळानें आणखी एक मात्रा, वर ब्रँडी. हिक्स यांना भ्रम होऊं लागला, पाय लटपटूं लागले, माणसांनीं दोहों बाजूंनीं धरून त्यांना रेषेपार नेलें. तीन तास अठ्ठावीस मिनिटें त्रेपन्न सेकंद. ते जगले हें त्यांचें दैव. सल्लागारांचें श्रेय मुळींच नाहीं. आणि हे सल्लागार त्यांचे शत्रू नव्हते, हें विशेष. त्यांचें हिक्स यांच्यावर प्रेमच होतें.

त्यांच्या आधीं क्रीडांगणांत शिरून जयजयकार घेतलेले फ्रेड लॉर्झ हे मात्र मधले अकरा मैल मोटारींत बसून आले होते. मोटार बिघडली म्हणून उरलेलें अंतर धांवले, एवढाच त्यांचा अपराध! आम्हांस तर या सर्वांत तेच शहाणे वाटतात. पुढल्या वर्षीं बोस्टनची शर्यत ते पायांनीं धांवून जिंकले. क्यूबाचे टपालवाले कार्व्हाहाल वाटखर्चाचे पैसे जुगारांत घालवून उपाशी आले, विजारीचे पाय गुडघ्यांपाशीं कापून धांवले, वाटेंतल्या बागेंतलीं सफरचंदें खाऊन पोटदुखीनें आडवे झाले, एक झोंप काढली, आणि तरी चौथे आले. हें वाचल्यापासून दुपारच्या वामकुक्षीविषयींची आमची श्रद्धा दृढ झाली आहे.

घाईविषयींही चार शब्द सांगणें अवश्य आहे. जपानचे शिझो कानाकुरी १९१२ सालीं स्टॉकहोमच्या उन्हांत धांवतां धांवतां थकले, वाटेंत एका कुटुंबाच्या बागेंत थांबले, आणि चालकांस न कळवितां मायदेशीं निघून गेले. स्वीडनच्या दफ्तरीं ते हरवलेले राहिले. १९६७ सालीं त्यांना सन्मानानें बोलावून उरलेली शर्यत पुरी करविण्यांत आली. वेळ भरला चौपन्न वर्षें, आठ महिने, सहा दिवस व वर कांहीं तास. मध्यंतरीं त्यांचा संसार होऊन नातवंडें झालीं होतीं.

हेच कानाकुरी १९२० सालीं अँटवर्पला पुन्हां धांवले, तेव्हां त्या शर्यतींत आपला एक मनुष्य होता. बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धांवणारे खेडूत पाहून सर दोराबजी टाटा यांनीं ही मंडळी परदेशीं पाठविण्याचें मनावर घेतलें होतें. अँटवर्पचें अंतर नेहमींपेक्षां पांचशें मीटरांहून अधिक होतें. चौगुले तें पुरें करून एकोणिसावे आले. त्यांचें नांव आमच्या आळींतल्या धांवणारांपैकीं एकासही ठाऊक नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर गेल्या जानेवारीपर्यंत आम्हांसही नव्हतें. तें आम्हांस पुतण्यानें सांगितलें.

हा पुतण्या पुण्यास असतो. आमचे धाकटे बंधु गेल्यापासून त्याला सल्ला देण्याचें काम आमच्याकडे आलें आहे, आणि तो मुलगा इतका आज्ञाधारक कीं, तो सल्ला ऐकतो. वर्षभर सराव करून तो शर्यतीच्या आदल्या दिवशीं आमच्याकडे उतरला, तो अंग तापलेलेंच घेऊन. रात्रीं एकशें एक ताप. "काका, धांवूं कीं नको?" म्हणून त्यानें विचारलें. आम्हीं क्षणाचाही विलंब न लावतां सांगितलें, "घाम गेला कीं ताप उतरतो. वर्षाची मेहनत वायां घालवूं नकोस." आमच्या वडिलांनींही आम्हांस असेंच कांहींसें सांगितलें होतें, तें मात्र परीक्षेच्या बाबतींत होतें.

पहांटे तीन वाजतां घरांत दिवे लागले. जोडे जागच्या जागीं होते, पण छातीवर लावावयाचा क्रमांकाचा कागद मिळेना. त्यानें पिशव्या उपसल्या, आम्हीं कपाटें उपसलीं. आमचें कुटुंब भिंतीस टेकून उभें होतें. "अहो, शोधूं नका. मीं ठेवला आहे. त्याचा ताप उतरल्यावर देईन," एवढेंच तिनें सांगितलें, आणि ती आंत जाऊन चहाचें आधण ठेवूं लागली. कागद देव्हाऱ्याखालच्या खणांत होता. मुंज झाल्यापासून पुतण्या त्या दिशेस फिरकला नसल्यामुळें तेथें शोधण्याचें त्याच्या मनांतही आलें नाहीं. आमच्याही आलें नाहीं, याचें कारण सांगण्यासारखें नाहीं.

तो दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं त्याची छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. मग त्यांनीं सहज विचारलें, "तापांत धांवण्याचा विचार होता म्हणे? असल्या तापांत कधीं कधीं हृदयाच्या स्नायूलाच सूज असते. त्यांत बेचाळीस किलोमीटर धांवला असता, तर मीं आज कोणाला तपासलें असतें, कोण जाणे. कोणीं सांगितलें होतें?" पुतण्या आमच्याकडे न पाहतां म्हणाला, "कोणीं नाहीं. माझाच विचार होता."

घरीं परततांना रिक्षांत आम्हांस त्या अंड्याच्या बलकाची फार आठवण झाली.

परवां तो पुन्हां आला. येत्या जानेवारीसाठीं त्यानें सोळा आठवड्यांचें वेळापत्रक आंखून आणलें आहे. "दाखव पाहूं," म्हणून आम्हीं हात पुढें केला. त्यानें वांकून नमस्कार केला, आमच्या प्रकृतीची चौकशी केली, आणि वेळापत्रक घेऊन तो थेट स्वयंपाकघरांत गेला.