लॉक फाइल उडवू नका

"मामा, लॉकची फाइल उडवली, पण आता काहीच इन्स्टॉल होत नाहीये." भाच्याचा फोन. उबुंटूने 'लॉक मिळत नाही' म्हटलं की डीपीकेजीच्या फोल्डरमधल्या लॉक फाइल आरएमने काढून टाकायच्या, हा सल्ला त्याला कॉलेजातल्या मित्राने दिला होता. वर्षानुवर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांकडूनही मी तो ऐकतो. तो चुकीचा आहे, आणि कायमच चुकीचा आहे.

आधीचं काम मध्येच बंद पडलं, फाइल मागे राहिली आणि म्हणून वाट अडली, असा लोकांचा समज आहे. तसं होतच नाही. काहीही इन्स्टॉल होत नसताना त्या फोल्डरमध्ये एलएस करून पाहा. 'लॉक-फ्रंटएंड' तिथे असतेच, शून्य बाइटची. कुलूप म्हणजे ती फाइल नव्हे. चालू प्रोसेसने त्या फाइलवर कर्नलकडून घेतलेला ताबा, ते कुलूप. प्रोसेस संपली, मारली गेली, वीज गेली, तरी ताबा आपोआप सुटतो. तेव्हा लॉक लागलेलं दिसतंय याचा अर्थ आत कुणीतरी आत्ता काम करतंय, फार तर अडकून बसलंय.

फाइल उडवल्याने त्याचा ताबा सुटत नाही. ॲप्ट त्याच नावाची नवी फाइल बनवतं, तिच्यावर वेगळं कुलूप घालतं आणि दोन कारकून एकाच वेळी एकच वही लिहायला बसतात. वही म्हणजे 'स्टेटस' फाइल. कुठलं पॅकेज, कुठली आवृत्ती, पूर्ण बसलंय की अर्धवट, ही सगळी नोंद तिच्यात असते. भाच्याची तीच बिघडली. व्हार-बॅकअप्समध्ये आदल्या दिवशीची प्रत सापडली, म्हणून निभावलं.

खरं तर उत्तर त्या संदेशातच होतं: प्रोसेसचा क्रमांक आणि नाव, 'अनअटेंडेड-अपग्र'. लिनक्स प्रोसेसच्या नावाची 15 अक्षरंच ठेवतं, म्हणून ते असं तुटकं दिसतं. सुरक्षेचे अपडेट आपणहून बसवणारा हा प्रोग्राम लॅपटॉप सुरू झाल्यावर बरेचदा कामाला लागतो. त्याला दहा मिनिटं द्या. अडकलाच असेल तर त्या क्रमांकाची प्रोसेस आधी काय करतेय ते बघा. काम खरोखरच मध्ये तुटलं असेल तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. माझ्यावर विश्वास नसेल तर नव्या डीपीकेजीचा स्वतःचा इशारा वाचा: लॉक फाइल काढणं नेहमीच चूक आहे आणि त्याने अख्खी सिस्टिम बिघडू शकते. इतकं स्पष्ट लिहिलेलं असूनही लोक त्याच्याच खाली आरएम टाइप करतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

बाकीचे समज थोडक्यात. 'ॲप्ट अपडेट' काहीही अपग्रेड करत नाही, फक्त यादी ताजी करतं. 404 आला म्हणजे नेट गेलं असं नाही, सर्व्हरने उत्तर दिलंय. यादी जुनी असेल, किंवा नऊ महिने सपोर्ट मिळणारी तुमची आवृत्ती संपून 'ओल्ड-रिलीजेस'वर गेली असेल. 'केप्ट बॅक' ही बहुतेक वेळा चूक नसते. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने देतं. आणि सही पटत नाही म्हणून रिपॉझिटरीच्या ओळीत 'ट्रस्टेड=यस' लिहू नका. त्याने तपासणीच बंद होते. योग्य की आणून 'साइन्ड-बाय'ने जोडा, पाच मिनिटांचं काम आहे.