चौकटीचा अँटेना आणि सोलापूरच्या चार दिशा

नकाशावर मुंबई, पुणे आणि सोलापूर जोडणारी रेघ तशीच पुढे नेली, तर ती कलबुर्गीजवळून जाते, आणि परभणी ते धारवाड अशी दुसरी रेघ ओढली, तर ती पहिलीला सोलापूरपाशीच जवळजवळ काटकोनात छेदते. या सहाही शहरांत आकाशवाणीची केंद्रे असल्यामुळे मध्यम लहरींवर दूरचे ऐकू पाहणाऱ्या सोलापूरकराला ही फुली फार उपयोगी पडते, कारण घरी बनवलेला चौकटीचा अँटेना दिशा ओळखतो.

मध्यम लहरी लांब असतात. मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५३८ मीटर भरते, आणि तिच्या पाव लांबीची तार ताणायलाही १३४ मीटर जागा लागेल. म्हणून तार गुंडाळतात. दोन फूट बाजूच्या लाकडी चौकटीवर, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते तशा इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे दहा-बारा वेढे थोडे अंतर राखून घालतात आणि तिची टोके, इनॅमल खरवडून, जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरला, म्हणजे पाती फिरवून विद्युतधारिता कमी-जास्त करता येणाऱ्या भागाला, जोडतात. ट्रान्झिस्टरला तार जोडावी लागत नाही. त्याच्या आतली फेराइटची कांडी चौकटीच्या पातळीला काटकोनात येईल असा तो जवळ ठेवला, की गँग फिरवताना एका जागी क्षीण आवाज एकदम भरून येतो. चौकट त्या लहरीशी जुळल्याची, म्हणजेच अनुनादाची, ही खूण होय.

तथापि या अँटेनाचे खरे मोल त्याच्या बहिऱ्या दिशेत आहे. चौकटीची कड ज्या दिशेला असेल तिकडचे केंद्र उत्तम ऐकू येते आणि सपाट बाजू ज्या दिशेला असेल तिकडचे जवळजवळ मावळते. त्यामुळे कड पुण्याकडे केली की ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे उठते आणि त्याच्या शेजारी ७६५ किलोहर्ट्झवर दणदणणारे धारवाड आपोआप दबते. एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखरही पुष्कळदा अशीच टाळता येते. मुंबई आणि कलबुर्गी मात्र एकाच रेघेवर असल्याने चौकट त्यांना वेगळे करू शकत नाही, ते काम रेडिओच्या काट्यालाच करावे लागते.

दिवसा वातावरणाचा सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित थर आकाशाकडे गेलेल्या लहरी शोषतो, सूर्यास्तानंतर तो विरतो आणि त्या लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. वरून येणाऱ्या लहरींपुढे बहिरी दिशा बोथट होते, म्हणून चौकटीच्या पायाशी दिशांच्या खुणा करण्याचे काम दुपारीच उरकून घ्यावे.