रसद तोडल्यावरही

मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. त्या संप्रेरकाचा पुरवठा तोडला की रोग ओसरतो. या कार्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु शरीरभर पसरलेला रोग काही काळाने बहुधा पुन्हा उसळी घेतो. रसद तोडलेल्या किल्ल्यातील शिबंदी जगते तरी कशी?

या कोड्याच्या उत्तराचा एक भाग कायनेज नावाच्या एंझाइमांपाशी आहे. ही एंझाइमे प्रथिनांवर फॉस्फेटचा लहानसा तुकडा चिकटवितात. तेवढ्याने निजलेले प्रथिन जागे होते किंवा जागे असलेले निजते. एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांनी १९५५ च्या सुमारास सिएटल येथे स्नायूंचा अभ्यास करताना हा व्यवहार उलगडला. मनुष्यशरीरात अशी पाचशेहून अधिक कायनेजे आहेत. त्यांपैकी ‘एकेटी’ हे पेशीला वाढण्याची व तग धरण्याची आज्ञा देते. ‘पीटेन’ हे प्रथिन त्याला लगाम घालते. प्रगत रोगाच्या पुष्कळ रुग्णांत नेमका हा लगामच तुटलेला आढळतो.

मग कायनेजलाच औषधाने का अडवू नये? एका प्रकारच्या रक्तकर्करोगात इमॅटिनिबने २००१ पासून हे यश मिळविले. तेथे दोष मुख्यतः एकाच कायनेजचा होता. येथे मात्र वाटा दोन आहेत. एकेटीची वाट अडविली की संप्रेरकाची वाट मोकळी होते, आणि संप्रेरक दाबले की एकेटी जोर धरते, असे २०११ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. सवतींचा संसारच म्हणावयाचा!

म्हणून दोन्ही वाटा एकदम रोखण्याचा प्रयत्न झाला. पीटेन हरपलेल्या रुग्णांना संप्रेरकविरोधी अबिरॅटेरोनबरोबर इपाटासर्टिब दिले असता, रोग पुढे सरकण्यापूर्वीचा मध्यम काळ साडेसोळा महिन्यांवरून साडेअठरा महिन्यांवर गेला, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. एकूण आयुष्य मात्र लक्षणीय वाढल्याचे पुढे आढळले नाही. शिवाय जुलाब, पुरळ आणि रक्तातील साखर वाढणे हे त्रास सोसावे लागले. साखर वाढते याचेही कारण आहे: इन्शुलिनचा निरोप निरोगी पेशीत पोहोचतो, तोही याच एकेटीच्या हाती.