मांजराचा मधुमेह : अन्न आणि औषध

येलदरीच्या धरणाकाठी काय किंवा मोठ्या शहरात काय, मराठी घरातील मांजराच्या वाट्याला बहुधा दूधभातच येतो. परंतु मांजर हा जात्याच मांसाहारी प्राणी आहे. पिष्टमय अन्न पेलण्याची त्याची शक्ती बेताची. त्यातच बैठ्या जीवनाने अंगावर मेद चढला, की मधुमेहास वाट मिळते. फार पाणी पिणे, वारंवार लघवी होणे आणि भूक असूनही खंगत जाणे, ही त्याची लक्षणे होत. भ्यालेल्या मांजराच्या रक्तातील साखर तेवढ्यापुरती चढते. म्हणून एकाच तपासणीवर निदान करीत नाहीत.

उपचाराची अंगे दोन : बहुधा दिवसातून दोनदा इन्शुलिन, आणि मांसप्रधान, अल्पपिष्ट आहार. ही दोन्ही परस्परांशी बांधलेली आहेत. भात-पोळी बंद होताच इन्शुलिनची गरज घटते. मात्रा तीच राहिली, तर साखर एकाएकी उतरून मांजर झोकांड्या खाते, त्यास झटके येतात, प्रसंगी प्राणही जातो. यास्तव आहार पालटावयाचा तो पशुवैद्यास विचारूनच. येलदरीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, परभणीस, १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मांजर जेवले नाही, तर सल्ल्यावाचून सुई टोचू नये. झोकांड्या दिसताच हिरड्यांवर मध चोळावा आणि तत्काळ दवाखाना गाठावा. स्थूल मांजरास उपाशी ठेवणेही घातक. त्याने यकृतात मेद साठतो.

वेळीच उपचार झाले, तर काही मांजरांचे इन्शुलिन पुढे सुटतेही. मात्र ताटली आणि सुई यांचा मेळ रोज राखावा लागतो.