नुसती काडी हलवणाऱ्या माणसाला एवढा मान का? ब्रिटनच्या तीन कंडक्टर्सची गोष्ट

ही रील तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. शंभरेक वादक मान खाली घालून वाजवतायत, समोर काळ्या कोटातला एक माणूस काडी हलवतोय. आणि खाली ठरलेली कमेंट : "हा नक्की करतो काय?"

प्रश्न रास्त आहे. अख्ख्या ऑर्केस्ट्रात एकही सूर न वाजवणारा माणूस तोच असतो.

तर त्याचं काम असं. प्रत्येक वादकासमोर फक्त आपल्या वाद्याचा कागद असतो. सगळ्यांचं मिळून काय वाजणार, ते कंडक्टरपुढच्या वहीत असतं. लय किती ठेवायची, कुणाला दाबायचं, कुणाला वर काढायचं हे तो ठरवतो. यातलं बहुतेक काम तालमीत होतं. कार्यक्रमात आपल्याला दिसते ती फक्त आठवण करून देणारी काडी.

पण विसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये कंडक्टरच्या गळ्यात आणखी एक काम पडायचं. ऑर्केस्ट्रा जिवंत ठेवायचा. इतक्या माणसांचा पगार आणायचा कुठून? थॉमस बीचम, एड्रियन बोल्ट आणि जॉन बार्बिरोली यांच्यात भारी कोण, यावर शौकीन आजही भांडतात. आपण त्यांना या पगाराच्या प्रश्नावर तोलून बघू.

बीचम यांचं उत्तर सोपं होतं. घरचा पैसा.

त्यांच्या आजोबांनी पोट साफ करणाऱ्या गोळ्या विकून धंदा उभा केला. 'बीचम्स पिल्स' ब्रिटनमध्ये घरोघरी माहीत होत्या. त्यातून आलेला पैसा नातवानं ऑपेरा आणि ऑर्केस्ट्रांवर अक्षरशः उधळला. १९३२ मध्ये त्यांनी लंडन फिलहार्मोनिक सुरू केला. माणूस लहरी, पण कामात चोख. वादकांच्या कागदांवर निळ्या पेन्सिलीनं बारीकसारीक खुणा ते स्वतः करून ठेवायचे.

पण एका माणसाच्या खिशावर चालणाऱ्या संस्थेचं जे व्हायचं तेच झालं. १९३९ मध्ये पैसे आटले आणि वादकांनी कारभार स्वतःच्या हातात घेतला. बीचम १९४० मध्ये ऑस्ट्रेलियाला आणि तिथून अमेरिकेला गेले. १९४४ मध्ये परत आले, तेव्हा वादकांनी त्यांच्या हाताखाली आनंदानं वाजवलं, पण सूत्रं काही परत दिली नाहीत. मग बीचम यांनी १९४६ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, नवाच ऑर्केस्ट्रा काढला. रॉयल फिलहार्मोनिक!

बोल्ट म्हणजे अगदी दुसरं टोक. लांब काडी, हालचाल मनगट आणि बोटांपुरती. रील केली तर कुणी बघणार नाही. गुस्ताव होल्स्ट यांची 'द प्लॅनेट्स' ही रचना पहिल्यांदा वाजली ती त्यांच्याच हाताखाली, २९ सप्टेंबर १९१८ रोजी, पहिलं महायुद्ध अजून संपायचं होतं तेव्हा.

१९३० मध्ये बीबीसीचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला आणि बोल्ट त्याचे पहिले मुख्य कंडक्टर झाले. इथे पैसा यायचा लोकांच्या रेडिओ लायसन्स फीमधून. त्यामुळे तिकीटबारीची चिंता न करता अवघड संगीतही वाजवता यायचं. आल्बान बेर्ग यांचा 'वोत्सेक' हा त्या काळी डोक्यावरून जाणारा ऑपेरा त्यांनी १९३४ मध्ये सादर केला. नोकरी म्हटली की निवृत्तीही आलीच. १९५० मध्ये साठी उलटली म्हणून बीबीसीनं त्यांना निरोप दिला. ते गेले कुठे? बीचम यांच्या हातून सुटलेल्या त्याच लंडन फिलहार्मोनिककडे.

आणि आता माझे आवडते, बार्बिरोली.

जन्म लंडनचा, वडील इटालियन, आई फ्रेंच. १९३६ मध्ये त्यांना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये टोस्कानिनी यांची जागा मिळाली. यापेक्षा वर जायला जागाच नव्हती. पण पुढे तिथल्या संगीतकारांच्या युनियननं अट घातली, अमेरिकेचं नागरिकत्व घ्या. बार्बिरोली यांनी नकार दिला. १९४३ मध्ये, ऐन युद्धात, ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राकडे आले.

येऊन बघतात तर वादक फक्त पस्तीसच्या आसपास. हॅले आणि बीबीसी अशा दोन्हीकडे वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बीबीसीची पक्की नोकरी धरली होती. शहराचा मुख्य फ्री ट्रेड हॉल १९४० च्या बॉम्बहल्ल्यात गेला होता. तरुण वादक सैन्यात.

महिनाभरात ऑर्केस्ट्रा उभा करायचा होता. बार्बिरोली यांनी चाचण्यांचा सपाटाच लावला. बासरीवर शाळकरी मुलगा आला, हॉर्नवर एक शिक्षिका, आसपासच्या बँडमधले पितळी वाद्यं वाजवणारे आले. ५ जुलै १९४३ रोजी ब्रॅडफर्डमध्ये पहिला कार्यक्रम झाला आणि हॅले वाचला. पुढे मोठमोठी बोलावणी आली, पण १९६८ पर्यंत त्यांनी त्या ऑर्केस्ट्राची धुरा सोडली नाही.

याच हॅलेमध्ये १९५० च्या दशकात मुंबईचे एक व्हायोलिनवादक वाजवत होते. मेहली मेहता, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक आणि झुबिन मेहता यांचे वडील. आणि बार्बिरोली जो न्यूयॉर्क फिलहार्मोनिक सोडून आले होते, त्याची सूत्रं १९७८ मध्ये झुबिन यांच्याकडे आली.

बीचम यांचा चटपटीतपणा आणि बोल्ट यांचा नेमकेपणा मान्य. पण पैसा नाही, हॉल नाही, माणसं नाहीत अशा वेळी ऑर्केस्ट्रा घडवणं मला जास्त मोठं वाटतं. चारही ऑर्केस्ट्रा आजही सुरू आहेत, हे मात्र तिघांच्याही बाजूनं बोलायला हवं.

ऐकायचंय? एल्गार यांचा चेलो कॉन्चेर्तो शोधा. १९१९ मध्ये तो पहिल्यांदा वाजला तेव्हा साफ पडला, कारण त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या कंडक्टरनं तालमीचा वेळ खाऊन टाकला होता. त्या दिवशी चेलोवाल्यांच्या रांगेत १९ वर्षांचे बार्बिरोली बसले होते. १९६५ मध्ये त्यांनी २० वर्षांच्या जॅकलिन दु प्रे यांना घेऊन तोच कॉन्चेर्तो रेकॉर्ड केला. जगभर गाजलेलं रेकॉर्डिंग ते हेच.