मेसरश्मिट १०९ : अनुक्रमांकांवरून गणती (लेखांक ६)

हिंगोली जिल्ह्याचा आजचा प्रदेश दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाचे नाव धारण करणारे ब्रिटिश हवाई दलाचे १५२ क्रमांकाचे पथक १९४० साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटफायर विमानांनिशी जर्मनांशी झुंजत होते. समोरच्या लढाऊ विमानांत मेसरश्मिट १०९ हे प्रमुख होते. ती शत्रूकडे किती आहेत आणि दरमहा किती नवी तयार होतात, यावर बचावाची सारी आखणी अवलंबून होती.

वैमानिकांच्या सांगण्यावरून केलेली मोजणी येथे फसवी ठरली. १५ सप्टेंबर १९४० रोजी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर झाले, प्रत्यक्षात ती सुमारे ६० होती. एकाच विमानावर दोघातिघांनी गोळ्या झाडल्या, की प्रत्येकाच्या खाती ते जमा होई. नजरअंदाज पैसेवारी आणि पीक कापणी प्रयोग यांत जे अंतर पडते, ते शेतकऱ्याला ठाऊक असते. हे अंतर त्याच जातीचे होते.

दुसरा मार्ग अनुक्रमांकांचा होता. मोंढ्यात हळदीच्या पोत्यांवर १ पासून ओळीने क्रमांक घातले आहेत आणि त्यांतील कोणतीही पाच पोती पाहिली असता सर्वांत मोठा क्रमांक ६० निघाला, असे समजू. तर ६० ला ५ ने भागून आलेले १२ त्यात मिळवायचे आणि १ वजा करायचा, म्हणजे एकूण पोत्यांचा अंदाज ७१ येतो. हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांवर हाच विचार लावून जून १९४० चे मासिक उत्पादन १६९ काढले गेले, हेरखात्याचा अंदाज १००० होता आणि युद्धानंतर सापडलेल्या जर्मन नोंदींत आकडा १२२ निघाला.

विमानांच्या बाबतीत मात्र हे गणित सरळ चालत नाही. प्रत्येक विमानाला कारखाना क्रमांक असे, पण रेगेन्सबुर्ग, लाइपझिग, वीनर नॉयश्टाट अशा निरनिराळ्या ठिकाणच्या कारखान्यांना क्रमांकांचे वेगवेगळे गट नेमून दिलेले असत आणि शत्रूची दिशाभूल व्हावी म्हणून गटांमध्ये मुद्दाम रिकाम्या जागा सोडल्या जात, त्यामुळे सर्वांत मोठा क्रमांक एकट्याने काहीच सांगत नाही. प्रत्येक गटाची सुरुवात आणि शेवट स्वतंत्रपणे शोधावा लागतो.

त्याहून अवघड प्रश्न मोजायचे काय हा आहे. कारखान्यातून बाहेर पडलेले विमान, चाचणीनंतर हवाई दलाने स्वीकारलेले विमान आणि मोडतोडीनंतर दुरुस्त होऊन परत आलेले विमान यांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या, तर एकच सांगाडा दोनदा मोजला जातो. शिवाय १९४५ च्या अखेरच्या महिन्यांची कागदपत्रे अपुरी आहेत. या प्रकारच्या विमानांची प्रचलित एकूण संख्या ३४ हजारांच्या आसपास दिली जाते, परंतु तिचा शेवटच्या एककापर्यंतचा आकडा छापणे म्हणजे नोंदींत नसलेली अचूकता त्यांच्यावर लादणे होय.

युद्धोत्तर चेकोस्लोव्हाकिया आणि स्पेन येथे बनलेली विमाने युद्धकालीन बेरजेत धरू नयेत. स्पेनमधील उत्पादन १९५८ पर्यंत चालले, आणि तेथील अखेरच्या विमानांना ब्रिटिश मर्लिन इंजिन बसवलेले होते. हैदराबाद पथकाच्या स्पिटफायरमध्येही मर्लिनच होते.